रावबहादूर लोखंडेंचा रविवार हॉटेलातल्या पोऱ्यापर्यंत कधी पोहोचणार?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक बदल घडून आला आहे. चळवळीने त्याची म्हणावी तशी नोंद घेतलेली नाही. ज्या समाजाच्या माणसाला गावच्या हॉटेलात आत बसू दिले जात नव्हते, ज्याची कपबशी बाहेर वेगळी ठेवली जात होती आणि चहा पिऊन झाल्यावर ज्याला ती स्वतःच विसळून ठेवावी लागत होती, त्याच समाजाचा मुलगा आज एस.टी. स्टँडसमोर, तालुक्याच्या कोर्टाशेजारी, हायवेच्या कडेला स्वतःचे हॉटेल चालवतो आहे. गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटो आहे. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख का करावा लागला, हे ज्याला कळते त्याला या फोटोचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याचा अभिमान प्रत्येकाला वाटला पाहिजे आणि वाटतोही.

परंतु त्याच हॉटेलात मोरीपाशी उभा राहून जो पोऱ्या भांडी घासतो, त्याला आठवड्याची पगारी सुट्टी आहे काय, असा प्रश्न विचारला की आपला हा बांधव गडबडतो. सुट्टी घेतली तर खाडा धरतो, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. खाडा म्हणजे सुट्टी नव्हे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जयंतीला मोठी वर्गणी देणारे, ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या अनुयायांना पदरमोड करून जेवण देणारे हे लोक आहेत. त्यांना शोषक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण प्रश्न त्याने सुटत नाही. आठवड्याची सुट्टी या देशात कोणी, कशी आणि कोणासाठी मिळवली याचा इतिहासच त्यांच्यापर्यंत गेलेला नाही. रविवार ही इंग्रजांनी आपल्या चर्चसाठी दिलेली देणगी आहे, असा समज आजही शिकल्या-सवरल्या माणसांत आहे. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरे असेल. कामगाराचा रविवार मात्र एका सत्यशोधकाने सहा वर्षे झगडून मिळवला. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडेंचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. ज्या वर्षी जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याच वर्षी हा मुलगा जन्माला आला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण फार पुढे गेले नाही. थोडे दिवस रेल्वेत, थोडे दिवस टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. पुढे गिरणीमालकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी यावरूनच त्यांना हिणवले. हा तर कारकून, याने कधी साचा चालवला नाही, हा कामगारांचा पुढारी कसा, असा तो युक्तिवाद होता. परंतु स्टोअरच्या खिडकीतून जे दिसते ते साच्यापाशी वाकलेल्या माणसाला पाहायला सवड नसते. कोण किती वाजता आत गेला, कोण किती वाजता बाहेर पडला, कोणाचा पगार किती महिने अडकला, कोणाची बोटे गेली आणि त्यानंतर तो पुन्हा दिसला की नाही, हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांपर्यंत जाई. दुपारच्या भाकरीला ठरलेली सुट्टी नाही. रविवारी यंत्रे साफ करायला बोलावत. पगार महिना-दीड महिना मागे ठेवीत, म्हणजे कामगार दुसऱ्या गिरणीत जाऊ शकत नसे.

याच सुमारास लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजात आले. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' पैशाअभावी बंद पडले होते. लोखंडेंनी ते १८८० साली मुंबईत आणले. मुंबईतील तेलुगू सत्यशोधकांनी त्याला आर्थिक हात दिला. लोखंडेंनी गिरणीतली नोकरी सोडली आणि मरेपर्यंत ते पत्र चालवले. बहुजनांच्या वर्तमानपत्राला जाहिरात मिळत नाही, वर्गणीदार पैसे थकवतात आणि ज्यांच्यासाठी अंक काढायचा त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नसते, हे दुखणे आपल्याला नवे नाही. ते १८८० पासूनचे आहे.

वकील म्हणून मला लोखंडेंच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो १८८१ च्या कारखाना कायद्याशी त्यांनी घेतलेला झगडा. हिंदुस्थानातला हा पहिला कारखाना कायदा. तो नीट वाचला की मालकवर्गाची आणि सरकारची चतुराई ध्यानात येते. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही आणि त्याला महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या, एवढाच त्याचा मुख्य ऐवज. वयात आलेल्या पुरुषासाठी काही नाही, बाईसाठीही काही नाही. त्यातही हा कायदा लागू कोठे? तर यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात! नव्व्याण्णव माणसांच्या कारखान्यातले सहा वर्षांचे पोर कायद्याच्या नजरेत पोरच नव्हते. शंभराचा हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. कामगारांच्या वतीने बोलायला कोणी नव्हते. लोखंडेंनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ या दिवशी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला बंद, झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरे होईपर्यंत पगार व कायमचा अधू झाल्यास पोटापाण्याची तजवीज, अशा त्या मागण्या होत्या. यातली एकही मागणी आज कोणाला जहाल वाटणार नाही. परंतु त्या वेळी साप्ताहिक सुट्टी मागणे म्हणजे गिरण्या बंद पाडणे, असा गहजब झाला. कामगारालाच सुट्टी नको आहे, तो सुट्टीच्या दिवशी दारू पितो, असेही सांगितले गेले. हे उत्तर मी आजही हॉटेलमालकांच्या तोंडून जसेच्या तसे ऐकतो.

याच वर्षी बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन स्थापन झाली. ही देशातली पहिली कामगार संघटना मानली जाते. पण भक्तिभावाने सगळेच स्वीकारायचे कारण नाही. या संघटनेला सभासदांचे रजिस्टर नव्हते, ठरलेली वर्गणी नव्हती, लेखी घटना नव्हती. आजच्या अर्थाने ती ट्रेड युनियन नव्हती. लोखंडे, 'दीनबंधु'ची कचेरी आणि सभेला जमणारे हजारो कामगार, एवढेच तिचे स्वरूप. म्हणूनच लोखंडे गेल्यावर ती टिकली नाही. माणूस गेला की संघटना जाते, या रोगाचा अनुभव आपल्यालाही पुरेसा आहे. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीने बाट होतो, हे त्याचे कारण. पगार मात्र त्याच खात्यात चांगला होता. हा प्रश्न ऐरणीवर यायला १९२८ चा संप आणि बाबासाहेब यावे लागले. लोखंडेंच्या १८८४ च्या मागण्यांत तो नाही. याने लोखंडे लहान होत नाहीत, पण ही उणीव झाकायचेही कारण नाही.

पुढची वर्षे निवेदने देण्यात गेली. दरम्यान ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांचा सत्कार होऊन मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा म्हटले. त्या खटपटीतही लोखंडे होते. १८९० साली विधवांचे केशवपन करायचे नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिकांनी केला, त्यामागेही तेच होते. बाईचे डोके भादरण्याची रूढी मोडायची तर वस्तरा धरणाऱ्या हातालाच संप करायला लावायचा, ही युक्ती कामगारांत वावरलेल्या माणसालाच सुचू शकते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. सभेने पुन्हा रविवारच्या सुट्टीची मागणी केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो द्या, असे लोखंडे म्हणत, असे सांगितले जाते. कर्मकांडाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सत्यशोधकाने खंडोबा पुढे करावा, यावर काही विद्वान नाक मुरडतात. मला त्यात वावगे काही दिसत नाही. कोकणातून, देशावरून आलेल्या कामगाराला जे पटकन उमगते ते त्यांनी सांगितले. मागणी विश्रांतीचीच होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्यातून रविवारी सुट्टी देण्याचे मान्य केले. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० ला, महात्मा फुल्यांचे निधन झाले.

१८९० च्या कारखाना कमिशनवर मुंबईच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून लोखंडेंना घेण्यात आले. १८९१ च्या सुधारित कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारचा अर्धा तास आला, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचे किमान वय नऊ झाले आणि कायदा लागू होण्याचा आकडा शंभरावरून पन्नासावर आला. १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंगलीत त्यांनी शांततेसाठी काम केले, पुढे सरकारने त्यांना रावबहादूर केले. या पदवीवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. सुशिक्षित, सधन मंडळी शहर सोडून गेली. लोखंडे राहिले. कामगार वस्तीतल्या रोग्यांसाठी इस्पितळ काढून तेथे राबले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ ला गेले. वय अवघे एकोणपन्नास. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीमाई गेल्या. २००५ साली भारत सरकारने लोखंडेंच्या नावाचे टपाल तिकीट काढले. परळच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे.

आता हॉटेलाकडे येऊ. गिरणीला रविवार मिळाला, पण गिरणगावातल्या खाणावळीला नाही. उलट कामगार घरी राहिला की खाणावळीचे काम वाढे. हे आजही तसेच आहे. दुसऱ्याची सुट्टी हा हॉटेलातल्या पोऱ्याचा सर्वांत जड दिवस असतो. म्हणून त्याच्या सुट्टीचा कायदा वेगळा करावा लागला. मुंबई प्रांताचा दुकाने व आस्थापनांचा कायदा १९३९ साली झाला. १९४२ साली केंद्राने साप्ताहिक सुट्टीचा जो कायदा केला तो दुकाने, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे यांतल्या नोकरांसाठीच होता. हॉटेल बंद ठेवायची सक्ती नाही, पण प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस मिळालाच पाहिजे, हे त्याचे तत्त्व. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले, ते १९४८ साली कायदा झाले. त्याच वर्षी मुंबई राज्याचा नवा दुकाने व आस्थापना अधिनियम आला. मुंबईकर ज्याला गुमास्ता म्हणतात आणि बाकी महाराष्ट्र शॉप अ‍ॅक्ट म्हणतो, तो हाच. त्यात उपाहारगृहांसाठी स्वतंत्र प्रकरण होते, आणि हॉटेलात एकच नोकर असला तरी तो लागू होता.

कारखाना कायद्याचा आकडा पाहा. शंभर, मग पन्नास, १९२२ साली वीस, १९४८ साली यंत्रशक्ती असलेल्या ठिकाणी दहा. साठ-सत्तर वर्षे हा आकडा खाली येत गेला, म्हणजे कायद्याचे छत्र लहान कारखान्यावर पसरत गेले. आता तो उलटा फिरला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांत यंत्रशक्तीवरील कारखान्याचा आकडा दहावरून वीस झाला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला, त्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना जवळजवळ सगळ्या तरतुदींतून वगळले. धंदा सुरू केल्याची सूचना दिली की मालक मोकळा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीसवर न्यायला आणि दिवसाचे काम नऊ तासांवरून दहा करायला मंजुरी दिली. इंग्रज सरकारनेही मालकांचे ऐकून शंभराचा आकडा ठेवला होता, पण दहा वर्षांत त्याला तो निम्मा करावा लागला. आपल्या लोकनियुक्त सरकारने तो दुप्पट करायचे ठरवले. वाचकांनीच ताडून पाहावे.

आपले हॉटेलवाले बांधव येथेच फसतात. माझ्याकडे पाच माणसे, मला कायदा नाही, असे त्यांना कोणी एजंट सांगतो. हे अर्धसत्य आहे. शॉप अ‍ॅक्टचा आकडा किमान वेतनाला लागू नाही. एक पोऱ्या असला तरी त्याला सरकारने ठरवलेले किमान वेतन द्यावेच लागते. सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि त्याचा मोबदला ठरवून देण्याचा अधिकार १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सरकारला दिला होता, तो २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. आम्ही त्याला जेवण देतो, राहायला जागा देतो, तो घरच्यासारखा आहे, हे सांगून वेतनातली तूट भरून निघत नाही. घरच्यासारखा असेल तर गल्ल्यावर का बसत नाही, हे विचारावे. चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात, ढाब्यावर ठेवण्याला १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ती सगळ्याच कामांना लागू झाली. स्वतःच्या मुलाला शाळा सुटल्यावर मदतीला घेण्याची सवलत कायद्यात आहे. तिचा फायदा गावाकडच्या परक्या पोराला घरचे म्हणवून घेतला जातो. तो गुन्हाच आहे.

ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक माणसे होती त्यांना २०१७ च्या मूळ कायद्याने सलग चोवीस तासांची साप्ताहिक सुट्टी, आठ किरकोळ रजा, वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या (त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या) आणि जादा कामाचे दुप्पट वेतन बांधून दिले. उरलेल्या चार सुट्ट्यांत १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा घालायला मालकाला कोणी अडवलेले नाही.

माझ्याकडे हॉटेलातल्या नोकरांची जी प्रकरणे येतात, त्यांत मालक हरतो तो बहुधा कागदामुळे. हजेरीपुस्तक नसते, पगाराची नोंद नसते, उचल दिल्याचे तोंडी सांगितले जाते. एका प्रकरणात मालक आपल्याच चळवळीतला होता आणि नोकरही आपल्याच वस्तीतला. मालकाने खरोखरच पैसे दिले होते, असे मला आजही वाटते. सही कशावरच नव्हती. तडजोड झाली, पण दोन घरांचे बोलणे बंद झाले ते झालेच.

हे टाळायला फार खर्च येत नाही. दोनशे पानांची वही आणा. रोज आल्या-गेल्याची वेळ लिहा, सही किंवा अंगठा घ्या. सहा माणसे असतील तर गर्दीचा वार सोडून सहा जणांना सहा वेगळे वार वाटून द्या आणि तो तक्ता दरपत्रकाशेजारी भिंतीवर लावा, म्हणजे गिऱ्हाईकालाही दिसेल. त्या दिवसाचा पगार कापू नका. लोखंडेंनी पगारासाठी पुढच्या महिन्याची १५ तारीख मागितली होती. आता वेतन संहितेने महिनेवारी पगाराला ७ तारीख दिली आहे. नोकर सोडून गेला किंवा काढला तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. किमान वेतनापेक्षा कमी दिले तर तूट भरावी लागतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम होऊ शकतो. जुन्या कायद्यात दावा करायला सहा महिन्यांची मुदत होती. आज हॉटेल सोडून जाणाऱ्या पोऱ्याला तीन वर्षे आहेत.